पहिली दाढी

मुलगी वयात येऊ लागली म्हणजे घरातील आई, मावशी, आत्या तिच्याभोवती गोळा होतात आणि तिला चार गोष्टी समजावून सांगतात. मुलाच्या ओठांवर मिसरूड फुटू लागले म्हणजे मात्र कोणी काही सांगत नाही. मोठी माणसे मिशीतल्या मिशीत हसतात, भावंडे चिडवितात, आणि पोर आरशासमोर एकटे उभे राहते. बाप घरात असला तर त्याच्याकडे चोरून पाहत ते शिकते. बाप नसला तर आपल्याच रक्ताच्या मोलाने शिकते. विषय क्षुल्लक आहे असे वाचकांस वाटेल. आम्हांसही गेल्या पावसाळ्यापर्यंत तसेच वाटत होते.

गेल्या जुलै महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा भोपाळला आमच्याकडे राहावयास आला. त्याचे गाव राहुरी तालुक्यात; जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासूनचा अहिल्यानगर. आयटीआय पुरी करून तो येथील एका कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून लागला होता. आम्ही भोपाळला कसे, हेही दोन ओळींत सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबे दप्तरांच्या पेट्यांबरोबर इकडे आली. त्याच सुमारास येथे हेवी इलेक्ट्रिकल्सचा मोठा कारखाना उभा राहू लागला व त्याच्या ओढीनेही अनेक तरुण आले. आमचे वडील त्यांपैकीच एक. १९६१ साली ते टर्नर म्हणून येथे लागले आणि आम्ही पिपलानीचे झालो.

भाचा आला त्याच्या दुसऱ्याच रविवारची गोष्ट. मिस्सेला निघण्याची घाई चालली होती. न्हाणीघराचे दार अर्धा तास बंद. अखेर दार उघडले तेव्हा पोराच्या तोंडावर पाच ठिकाणी कापूस चिकटविलेला. बाजारातला प्लास्टिकचा स्वस्त रेझर आणून, अंगाचा साबण फासून त्याने दाढी उरकली होती. हनुवटीखालून रक्ताची बारीक धार पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर उतरली होती. आम्ही हसलो. घरातील सगळीच हसली. "अरे, लढाईवरून आलास की काय?" असेही आम्ही म्हणालो.

तो हसला नाही. वाटेत बऱ्याच वेळाने, आमच्याकडे न पाहता त्याने विचारले, "मामा, तुम्हाला कोणी शिकवलं होतं?"

त्याचा बाप तो बारा वर्षांचा असताना गेला. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. मयतीला आम्ही स्वतः उभे होतो. परंतु बाप गेला म्हणजे घरातून काय काय जाते, याचा हिशेब मोठी माणसे करतात तो शेताचा, कर्जाचा, बहिणींच्या लग्नांचा. सकाळी दाराच्या चौकटीत आरसा अडकवून दाढी करणारा माणूस गेला, ही नोंद त्या हिशेबात कोणी करीत नाही. त्या दिवशी देवळात आमचे लक्ष लागले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

घरी परतल्यावर आम्ही कपाटातून पत्र्याचा एक डबा काढला. त्या डब्यात आमच्या आजोबांचा सेफ्टी रेझर आहे. पितळेवरचा मुलामा जागोजाग उडालेला, मुठीवरची नक्षी बोटांनी झिजलेली. आजोबा १९४२ साली सैन्यात भरती झाले आणि युद्ध संपल्यावर परतले ते हा रेझर घेऊन. आमच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे त्या दिवसांत गावात ही वस्तू पाहण्यास माणसे जमत. परंतु आजोबांना तिचे अप्रूप होते ते निराळ्या कारणाने.

गावातील न्हावी आमच्या लोकांची दाढी करीत नसे. आमच्या आजोबांच्या वडिलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पण स्नानसंस्कार झाला म्हणून गावाने त्यांना न्हाव्याच्या पाटावर बसू दिले नाही. वस्तीतीलच कोणी एक हात बसलेला माणूस बोथट वस्तऱ्याने सर्वांची डोकी व दाढ्या उरकीत असे. हे केवळ आमच्याच गावी घडत होते असे नव्हे. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणाच्या आठवणींत नमूद केले आहे की, साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती, तरी त्यांच्या घरच्या मुलांचे केस कापण्यास कोणी तयार नसे. ते काम त्यांच्या थोरल्या बहिणीस करावे लागे.

यात न्हाव्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही. महात्मा गांधींच्या आत्मकथेत एक प्रसंग आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्याचे नाकारले. गांधींनी कात्री-यंत्र विकत घेतले, आरशासमोर उभे राहून स्वतःच केस कापले, आणि मागची बाजू बिघडल्यामुळे न्यायालयातील मित्रांचे हसू ओढवून घेतले. मात्र त्या न्हाव्यावर त्यांनी राग धरला नाही. काळ्या माणसाला हात लावला तर त्याचे गोरे गिऱ्हाईक तुटले असते. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची हजामत कोठे करू देतो, असा प्रश्न त्यांनी उलट स्वतःलाच व आपल्या देशाला विचारला. आमच्या गावच्या न्हाव्याचीही गत हीच होती. तो बलुतेदार, त्याचे पोट गावाच्या खळ्यावर. त्याने आमच्या वस्तीत धोकटी उघडली असती तर गावाने त्याचे बलुते बंद केले असते. या व्यवसायातील माणसांना न्यायबुद्धी नव्हती असे तर मुळीच म्हणता येणार नाही. १८९० साली मुंबईतील न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरविली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा निश्चय केला. आपली कमाई सोडून त्यांनी परक्या लेकींची लाज राखली. संत सेना महाराज हेही याच व्यवसायातले; त्यांचे अभंग वारकरी आजही गातात.

असो. सांगावयाचे ते हे की, आजोबांच्या दृष्टीने हा रेझर म्हणजे चैनीची वस्तू नव्हती. आपल्या तोंडासाठी कोणाच्या दारात उभे राहावयाचे नाही, एवढी मुभा त्याने त्यांना दिली. ते रोज पहाटे, शेतावर जावयाचे असले तरी, दाढी करीत. आमचे वडील भोपाळला निघाले तेव्हा आजोबांनी डबा त्यांच्या हाती दिला. वडिलांकडून तो आम्हांकडे आला.

आता या यंत्राचा जन्म कसा झाला, तेही वाचकांनी ऐकावे. वस्तऱ्याने स्वतःची दाढी करणे हे धाडसाचे काम. त्याला पट्ट्यावर घासून रोज धार द्यावी लागे आणि हात जरा हलला तर परिणाम ठरलेला. पात्याच्या कडेला आडोसा बसवून जखम टाळावी, ही कल्पना युरोपात अठराव्या शतकापासूनची आहे; अमेरिकेत काम्फे बंधूंनी १८८० साली तसा रेझर काढलाही होता. परंतु त्यातील पाते जाड असे व त्याला वारंवार धार लावावी लागे. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचे विकणारा फिरता विक्रेता होता. एकदा वापरून टाकून द्यावी आणि गिऱ्हाइकाने पुन्हा विकत घ्यावी अशी वस्तू काढ, असा सल्ला त्याला त्याच्या मालकाने दिला होता. १८९५ च्या सुमारास दाढी करताना त्याला सुचले की, पाते कागदासारखे पातळ, दोन्ही कडांना धार असलेले आणि इतके स्वस्त करावे की धार लावण्याचा प्रश्नच उरू नये. सुचणे सोपे होते. पोलाद इतके पातळ करून त्याला कठीणपणा आणणे अशक्य आहे, असे जाणकार म्हणत. विल्यम निकर्सन या अभियंत्याने अनेक वर्षे खटपट करून ते साधले. १९०३ साली विक्री सुरू झाली, तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली पेटंट मिळाले आणि धंदा वाढू लागला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. सैनिक घरी परतले ते स्वतः दाढी करण्याची सवय लावून घेऊन. आमच्या आजोबांसारख्यांच्या हाती तो पुढच्या युद्धात आला. एका विक्रेत्याने नफ्यासाठी काढलेली वस्तू राहुरी तालुक्यातील एका वस्तीत माणसाच्या मानाची वस्तू झाली. देवाच्या योजना अशा कोठून कोठे पोहोचतात!

त्या रविवारी दुपारी भाच्याची शिकवणी सुरू झाली. आमच्या वडिलांनी आम्हांस जसे शिकविले तसेच आम्ही त्याला शिकवावयाचे ठरविले. वडील टर्नर, लोखंड कापण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते म्हणत, लेथवर हत्यार आणि दाढीवर पाते यांचा नियम एकच: कापते ते कोनामुळे, जोरामुळे नव्हे. हत्यार चुकीच्या कोनात धरून दाबले तर काम बिघडते, दाढीत कातडी बिघडते.

पहिल्या दिवशी पातेच घातले नाही. रेझर खोलून त्याचे तीन भाग दाखविले: वरची टोपी, मधली दातेरी कडेची पट्टी आणि मूठ. तोंडाला फेस लावून रिकामा रेझर फिरवावयास सांगितला. टोपी गालाला टेकवावयाची, मूठ जवळजवळ आडवी धरावयाची, आणि हळूहळू ती खाली आणावयाची. पाते गालाशी साधारण तीस अंशांचा कोन करील तेथे थांबावयाचे. पाते आत असते तर त्या कोनात केसांचा खरखर आवाज ऐकू आला असता, हे त्याला सांगितले. पोर कंटाळले. "मामा, हे काय पोरखेळ?" असे म्हणाले. आम्ही म्हटले, "पोरखेळात रक्त निघत नाही, हाच त्याचा गुण."

दुसऱ्या दिवशी स्वतःचा चेहरा वाचण्याचा धडा. दोन दिवस दाढी न करता बोटे गालावरून चारी दिशांना फिरवावीत. ज्या दिशेला मऊ लागते ती केसांची सुलट, ज्या दिशेला टोचते ती उलट. गालावर बहुधा केस खाली वळलेले असतात. मानेवर मात्र प्रत्येकाचे निराळे. भाच्याच्या मानेवर उजवीकडचे केस वर आणि डावीकडचे तिरके निघाले. त्याने मानेवर सरसकट वरून खाली पाते ओढले होते. पाचांपैकी तीन जखमा त्याच जागी होत्या. हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. दोष आपल्या हाताचा नव्हे, अज्ञानाचा होता, एवढे कळणेही माणसाला किती धीर देते!

तिसऱ्या दिवशी पाते. ते नेहमी दोन आखूड बाजूंनी धरावे, धारेच्या लांब बाजूंना बोट लावू नये. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी. मुठीचा पेच घट्ट केला म्हणजे ते टोपीखाली वाकते आणि ताठ राहते. आधी कोमट पाण्याने तोंड धुऊन दोन-तीन मिनिटे ओलावा मुरू द्यावा. केस पाणी पितो आणि मऊ होतो. कोरडा केस पात्याला जितका अडतो तितका भिजलेला अडत नाही. अंगाचा साबण नको. दाढीचा साबण ब्रशने वाटीत घोळून फेस करावा आणि ब्रश गोल फिरवीत लावावा, म्हणजे केस उभे राहतात. मग एका हाताने कातडी ताणावी, दुसऱ्या हाताने बोटभर लांबीचे लहान फटके सुलट दिशेने मारावेत. रेझरला स्वतःचे वजन आहे, तेवढेच पुरे. प्रत्येक दोन-तीन फटक्यांनंतर तो पाण्यात खळबळावा. फेस पुसला गेला त्या जागी पुन्हा फेस लावल्याशिवाय पाते फिरवू नये. नवशिक्याने उलट दाढीच्या नादी महिना दोन महिने लागू नये. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा ओला खडा.

शिकविण्याच्या भरात आम्ही स्वतः करून दाखवावयास गेलो. चाळीस वर्षांचा सराव, त्यात समोर शिष्य. बोलता बोलता हात फिरला आणि ओठाखालच्या खळीत सणसणीत चिरा गेला. तुरटी प्रथम आम्हांसच लागली. या खेपेस भाचा हसला, आणि आमच्या मनावरचे रविवारचे ओझे थोडे हलके झाले.

त्याची पहिली दाढी बरी झाली. दुसरीही झाली. मग त्याला वाटू लागले की आता आपल्याला येते. चौथ्या दिवशी उशीर झाला होता, हनुवटीचे खुंट निघेनात म्हणून त्याने रेझर दाबला, आणि जबड्याच्या वळणावर खोल कापून घेतले. रेझर आदळून तो म्हणाला, "मला नाही जमायचं. सलूनमध्येच जाईन." आम्ही पाते काढून पाहिले. ते पाचव्यांदा वापरले गेले होते आणि बोथट झाले होते. बोथट पात्याला जोर लागतो, आणि जोराने जखम होते. धारदार पात्यापेक्षा बोथट पाते अधिक धोक्याचे, हे नवशिक्याला उलटे वाटते, पण खरे आहे. पोलादाहून पन्नासपट मऊ असलेला केस पोलादाची धार कशी मोडतो, याचा उलगडा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली केला. केस वाकतो, आणि धारेवर जेथे पोलादाची घडण सारखी नसते त्या जागी सूक्ष्म टवके उडतात. मऊ वस्तू रोजच्या रोज लागत राहिली तर कठीण वस्तूही झिजते. ज्यांच्या घरी सासूबाई आहेत व ज्यांच्या घरी सूनबाई आहेत, त्या दोघींनीही यातून आपापला अर्थ घ्यावा.

त्याने शिकणे सोडू नये असे आम्हांस वाटत होते, त्यास आणखी एक कारण होते. कारखान्यात काही कामांच्या वेळी तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा लागतो. त्याची रबरी कड कातडीला चिकटली तरच तो काम करतो. एका दिवसाचे खुंट असले तरी फटीतून हवा आत शिरते. ही गोष्ट त्याला शिकवणीतच सांगण्यात आली होती, पण ती त्याने नेहमीच्या सूचनांपैकी एक म्हणून ऐकली होती. भोपाळमध्ये ती तशी ऐकता येत नाही. १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र आणि ३ डिसेंबरची पहाट आमच्या विशीत आली. विषारी वायू जुन्या शहरातील वस्त्यांवर पसरला, तेव्हा लोकांजवळ मास्क तर नव्हतेच. तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही बहुतेकांना कोणी सांगितलेले नव्हते. हजारो माणसे गेली. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या आवारात आम्ही जे पाहिले ते या पानावर लिहिणार नाही. भाच्याला मात्र सांगितले, आणि एवढेच म्हटले, "ज्यांच्याजवळ काहीच नव्हते अशांच्या गावात तू राहतोस. तुला मास्क मिळतो आहे, तर तो लागेल असे तोंड ठेव." त्या संध्याकाळी त्याने नवे पाते मागून घेतले.

सलूनविषयीही दोन शब्द. सलूनला जाण्यात काही वाईट नाही. गावातील केशकर्तनालय हे वर्तमानपत्र आहे, न्यायालय आहे आणि विसाव्याची जागाही आहे. परंतु एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: आपल्यासाठी नवे पाते आपल्या समोर उघडले जाते की नाही. एकाच्या रक्ताचा न दिसणारा अंश पात्यावरून दुसऱ्याच्या जखमेत जाऊ शकतो. हिपॅटायटिस बी व सी ही यकृताची दुखणी तशी पसरू शकतात. एचआयव्हीचाही धोका त्या वाटेने नाकारता येत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. पाते फडक्याने पुसून किंवा औषधाच्या पाण्यात क्षणभर बुडवून तो मरत नाही. याच कारणाने घरातही बापाचा रेझर मुलाने व भावाचा भावाने वापरू नये. रेझरची मूठ वारशाने घ्यावी, पाते कधीही घेऊ नये. पाते दोन-पाच रुपयांत मिळते. तेथे काटकसर करण्याचे कारण नाही. आता बाजारात तीन-तीन, पाच-पाच पात्यांची खोकी मिळतात आणि एकेकाची किंमत शेकड्याच्या घरात जाते. ज्यांना परवडतात त्यांनी घ्यावीत. शिकाऊ कामगाराच्या भत्त्यात साधे पातेच बसते.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण ती वाचकांच्या घरीही घडत असेल. भाच्याच्या शिकवणीत पाती अधिक लागू लागली. वापरलेली पाती आम्ही कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकीत असू. वर्षानुवर्षे तसेच करीत आलो होतो. ऑगस्टमध्ये एके सकाळी कचरा गोळा करणाऱ्या बाई दारात आल्या त्या बोटाला चिंधी बांधून. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बाबूजी, पत्ती अलग रख दिया करो." ओला व सुका कचरा निवडताना आमच्या घरच्या पात्याने त्यांचे बोट हाडापर्यंत कापले होते. चार दिवसांची मजुरी बुडाली. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले, धनुर्वाताची सुई देवविली, मजुरीही देऊ केली. पण आम्हांस राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. आजोबांना न्हाव्याने हात लावला नाही याचे दुःख आम्ही तीन पिढ्या सांगत आलो, आणि आमच्या घाणीला हात लावणाऱ्या बाईच्या हाताचा विचार आम्ही एक दिवसही केला नव्हता.

त्या दिवशी भाच्याने एक युक्ती केली. दुधाच्या पावडरीचा पत्र्याचा रिकामा डबा घेतला, झाकण चिकटवून पक्के केले आणि त्याला पाते जाईल एवढी फट पाडली. वापरलेले पाते त्या फटीतून आत टाकावयाचे. डबा भरावयास काही वर्षे लागतील. भरला म्हणजे फट बंद करून, वर मोठ्या अक्षरांत "पाती" असे लिहून तो निराळा हाती द्यावयाचा. अमेरिकेत जुन्या घरांच्या न्हाणीघरांतील कपाटांना अशी फट असे व पाती भिंतीच्या पोकळीत पडत. आपल्याला भिंत पोखरण्याची गरज नाही, डबा पुरतो. प्रत्येक घरी असा एक डबा असावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे. गावी पाती उकिरड्यावर टाकण्याची चाल आहे. तेथे ती गुरांच्या तोंडी व पोरांच्या पायी लागतात.

डिसेंबरात भाचा नाताळला गावी निघाला. तोपर्यंत त्याचा हात बसला होता. कापूस लागेनासा झाला होता. आजोबांचा रेझर आम्ही त्याच्या पिशवीत ठेवला, नव्या पात्यांची दोन पाकिटे आणि तुरटीचा खडा दिला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा आहे आणि तोंड एका अंगाला ओढले गेले आहे. त्यांची दाढी पंधरवड्यातून एकदा कोणी करील तेव्हा होई. नाताळच्या आदल्या संध्याकाळी भाच्याने पाणी कोमट केले, म्हाताऱ्यांना भिंतीशी टेकवून बसविले, नवे पाते घातले आणि फेस लावला. ओढल्या गेलेल्या गालाची कातडी दोन बोटांनी ताणून धरीत, लहान लहान फटके मारीत त्याने अर्ध्या तासात त्यांची दाढी केली. एक थेंब रक्त आले नाही.

बहीण म्हणाली, "दादा, मामंजींनी डावा हात गालावरून फिरवला आणि म्हणाले, हात थेट बापासारखा हलका आहे. यांनी पूर्वी कधी त्यांची दाढी केली होती, ते मला माहीतच नव्हतं."

भाच्यालाही माहीत नव्हते. तो तेथेच उभा राहून ऐकत होता, असे ती म्हणाली.

जानेवारीत तो परत आला. रेझर त्याने आणला नाही. आजोबांजवळ ठेवून आला, दर महिन्याला जाईन म्हणाला. आम्ही तो मागितलेला नाही.